गाठ दातानं सोडायची न्हाई

मृत्यू माणसाला सत्यासमोर नेऊन उभं करतो, असं म्हणतात. मला त्यानं भुसावळ स्टेशनात डब्याच्या दाराजवळच्या बेसिनसमोर नेऊन उभं केलं. नळाला पाणी नव्हतं. फोनवर बाळू होता. "आत्या, आई गेली गं. मघाशी साडेसातला," एवढं सांगितलं. मग म्हणाला, "पोरांना आत्ता सांगू नकोस. घरी आल्यावर आम्ही सांगू." मी बरं म्हणाले. गाडी सुटली. साताऱ्याला पोचायला बारा तास होते आणि आत तुझी दोन नातवंडं माझी वाट बघत होती.

वहिनी, तू हसली असतीस. मुलांपासून अशी बातमी लपवावी की लपवू नये, यावर मी तुझ्याशी चाळीस वर्षं भांडले. दर दिवाळीला, फराळाच्या ताटावर. लपवू नये ही माझी बाजू होती. माझ्या बाजूला पुस्तकं होती, विचार होता, ग्रंथपालाची नोकरी होती. तुझ्या बाजूला फक्त तू होतीस, आणि बहुतेक वेळा तू कढईसमोर असायचीस, त्यामुळे अर्धंच ऐकायचीस. आणि बाळूला "बरं" म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

तू घरात पडलीस तेव्हा मी बाळूकडे दिल्लीतच होते. तो आणि सूनबाई विमानानं पुढं आली. सईचे दोन पेपर राहिले होते आणि माझं परतीचं तिकीट काढलेलंच होतं, म्हणून पोरांना घेऊन मागून यायचं काम माझ्याकडे आलं. सई बारा वर्षांची, ओम सहाचा. निघताना बाळूनं फोनवर सांगितलं होतं की आई बोलतेय, चहा मागतेय. मला बरं वाटलं. चहा मागणारं माणूस एवढ्यात जात नाही, असा आपल्या घरातला अनुभव होता.

परवा तुझा दहावा झाला. त्याबद्दल थोडं सांगते, कारण तुला ते बघायला मिळालं नाही आणि मिळालं असतं तर पदर तोंडाला लावून तू आत गेली असतीस. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला आणि शेजारच्या लिंबाला सुतळीनं बांधून तुझा फ्लेक्स लावला होता. त्यावर तू डाव्या कोपऱ्यात. बाकीच्या जागेत गावातले सात जण हात जोडून उभे, त्यांतल्या चौघांना तू ओळखत नव्हतीस आणि एकाला ओळखत होतीस म्हणून बोलत नव्हतीस. खाली मोठ्या अक्षरांत 'वीरपत्नी'. आता वीरपत्नी व्हायला नवरा रणांगणावर पडावा लागतो. दादा लष्कराच्या ट्रकसकट दरीत पडला होता, आणि त्यानंतर चौतीस वर्षं चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत रहिमतपुरात जगला. पण ज्यांनी फ्लेक्स छापून घेतला त्यांना घाई होती. एका पाहुण्यांनी भाषणही केलं. तू देशासाठी आयुष्य वाहिलंस, असं ते म्हणाले. मला आठवलं ते असं, की तू दोन रात्री आणि दोन दिवस एका तीन वर्षांच्या मुलीची चप्पल खिडकीतून बाहेर जाऊ नये म्हणून झगडत होतीस. एक गेलीच. इटारसीच्या अलीकडे.

तो जम्मूचा प्रवास. त्यावरच आपला सगळा वाद.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते, मे महिन्याच्या सुट्टीला घरी आले होते. तू एकदा दुपारी मळ्यातून आलीस आणि आबांना म्हणालीस की ह्यांना क्वार्टर मिळालंय, पोरांना घेऊन बोलावलंय, सोबतीला वन्संना नेते. मी वयानं तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी तू मला कायम वन्सं म्हणायचीस, अहोजाहो करायचीस. मी तुला अगंतुगं करायचे. हे आपल्या घरात कुणालाच विचित्र वाटायचं नाही. मला मोठेपणी वाटायला लागलं, पण तोवर सवय फार जुनी झाली होती.

त्या संध्याकाळी तू एक जुनं पातळ फाडलंस. हातभर लांबीच्या चिंध्या केल्यास आणि ओसरीवर बसून पुरचुंड्या बांधायला घेतल्यास. एकीत चार चिंचोके. एकीत शर्टाचं तुटकं बटण. एकीत ज्वारीच्या धाटाचं भेंड आणि दोन चिपाडं, म्हणजे पोरांना गाडी करता येईल. एकीत गुळाचा खडा, एकीत कवडी. अशा सोळा. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. मला वाटलं, नवऱ्याकडे निघालीय, खुशीत आहे. तू हसत नव्हतीस, पण काम करताना तू एरवीही हसायची नाहीस.

पॅसेंजरनं पुण्याला गेलो आणि तिथून जम्मूच्या गाडीत बसलो. आरक्षण नव्हतं. सुट्टी संपवून परत चाललेल्या एका जवानानं आपला बाक तुला दिला आणि स्वतः ट्रंकेवर बसला. बाळू पाच वर्षांचा, नंदा तीनची. गाडी हलली तसे तू नियम सांगितलेस. गाडी स्टेशनात थांबली की एक पुरचुंडी. मध्येच कुठं सिग्नलला उभी राहिली तर ते धरायचं नाही. सोडलेली चिंधी परत द्यायची. आणि शेवटचा नियम बोट वर करून सांगितलास, "गाठ दातानं सोडायची न्हाई."

मला आधी वाटलं, मजा आत आहे. दोनतीन स्टेशनं गेल्यावर कळलं की आत काही नसलं तरी चाललं असतं. मजा गाठीत होती. ज्या हातांनी तू रोज उसाच्या वाढ्याचे भारे आवळायचीस, त्या हातांनी बांधलेली गाठ होती ती. बाळूला एका गाठीला अर्धा तास लागायचा. जीभ बाहेर काढून, घाम पुसत, तो नखानं एकेक पदर ओढायचा. गुळाचा खडा खायला त्याला जेवढा वेळ लागला, त्याच्या दसपट वेळ त्याच्यापर्यंत पोचायला लागला. पुढं मी बालमानसशास्त्रावरची बरीच पुस्तकं वाचली, लायब्ररीसाठी मागवलीही. त्यांतल्या एकाही विद्वानाला हे सुचलेलं नाही.

माझ्या परीनं मीही प्रयत्न केला. पोरांना भारतातल्या नद्या सांगायला घेतल्या. नर्मदेचा उगम कुठं, असं मी विचारलं, तर बाळूनं मला विचारलं की तिथं शी करायला मिळेल का. त्यानंतर मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दौंडला इंजिन डब्यांच्या या टोकाचं काढून त्या टोकाला लावलं आणि गाडी उलटी निघाली. बाळू घाबरला. आपण परत घरी चाललो, पप्पा राहिले, म्हणून भोकाड पसरलं. इंजिन का फिरवतात हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो आणखी मोठ्यानं रडला. तू त्याला मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "आरं, इंजिनाचा डबा घरी राहिला. भाकरी घ्यायला वळलंय." मनमाडपर्यंत तो खिडकीतून इंजिनाच्या भाकरीची वाट बघत होता.

एक पुरचुंडी रिकामी निघाली. भोपाळची असावी. नंदानं चिंधी उलटीपालटी केली, झटकली आणि ओठ काढला. तू शांतपणे विचारलंस, "गेलं का? वारं व्हतं त्यात. तुमी उघडलंसा, तसं पळालं." मग दोघांनी डबाभर वारं शोधलं. बाकाखाली, जवानाच्या बुटात, माझ्या पिशवीत. तासभर. मी तुला हळूच म्हणाले की मुलांशी असं खोटं बोलू नये. तू म्हणालीस, "खोटं कुटं? वारं व्हतंच की."

आणि एक सतरावी होती. ती तू कनवटीला खोचलेली होतीस. बाळूनं ती पहिल्याच दिवशी हेरली. ती कधी, ती कधी, असा त्याचा धोशा. ती जम्मूची, असं तू प्रत्येक वेळी सांगायचीस, आणि दर वेळी हात तिच्यावर नेऊन ती आहे की नाही बघायचीस. मला वाटायचं, त्यात काहीतरी चांगलं असणार. पेढा असेल, किंवा नवी कोरी नाणी.

जम्मूला उतरलो ती दुपार होती. पोरं वळकटीवर बसून पंजाबी बायांचे सलवार-कुडते बघत होती. तू मला चार पावलं बाजूला घेतलंस, कनवटीची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "वन्सं, सोडा." मला सुटेना. दोन दिवस बाळूला टाकून बोलत होते आणि माझ्याच्यानं एक पदर हलेना. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "लावा दात." तो नियम तू मोडलेला मी त्या एकदाच बघितला.

आत तार होती. इंग्रजीत. तू सातवी झालेली, इंग्रजी अक्षरं ओळखायचीस, शब्द नाही. चार दिवसांपूर्वी पोस्टमननं ती मळ्यात तुझ्या हातात दिली होती आणि बांधावर उभं राहून वाचून दाखवली होती. हे तू मला तिथं फलाटावर सांगितलंस. "त्यो म्हनला पायाला लागलंय, काळजीचं काय न्हाई. पन त्योबी मानूसच. मला बरं वाटावं म्हनून म्हनला आसंल. तुमी वाचा. तसंच हाय का?"

तसं नव्हतं, वहिनी. ट्रक दरीत गेला, प्रकृती गंभीर, कुटुंबानं ताबडतोब यावं, असं होतं. मी वाचलं. दोनदा वाचलं. पोरांच्या अंगावरून एक हमाल ओझं घेऊन गेला. मी म्हणाले, "हो. तसंच आहे. पायाला लागलंय. काळजी नको लिहिलंय."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग "बरं" म्हणालीस, तार घडी करून पुन्हा चिंधीत बांधलीस आणि कनवटीला लावलीस. बाळूनं विचारलं की त्यात काय होतं. "कागूद," तू म्हणालीस. त्याची फार निराशा झाली.

लष्करी दवाखान्यात तू एकटी आत गेलीस. मला बाहेर झाडाखाली पोरांजवळ बसवलंस आणि सगळ्या चिंध्या माझ्याकडे दिल्यास. चार तास मी त्यांना गाठी घालून देत होते आणि तुमचे वडील आत कवायत करताहेत असं सांगत होते. चार तासांनी तू बाहेर आलीस, नळावर तोंड धुतलंस आणि पोरांना म्हणालीस की पप्पा भेटतील, पण झोपलेत. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. बाकीचा दादा राहिला.

मी तुला पहिल्या दिवाळीलाच विचारलं होतं. घरी का सांगितलं नाहीस? आबांपासून, माझ्यापासून, सगळ्यांपासून का लपवलंस? तू करंजीची कड दाबत म्हणालीस, "आधी बैठक बसली आसती. मग ठरलं आसतं, बाईमानसानं कशाला जायाचं, दोगं गडी जाऊ द्यात. मी हितंच ऱ्हायले आसते वाट बगत." मला का नाही, असं विचारल्यावर म्हणालीस, "तुमी रडला आसता. तुमचं तोंड बगून पोरांना कळलं आसतं. मग गाडीत कुनी सांबाळायचं?" मी म्हणाले, ते काही असो, खोटं ते खोटं. तू म्हणालीस, "खोटं न्हवं वन्सं. उशीर. रेल्वेला हुतो तसा." आणि हे सगळं मी बोलत होते तेव्हा माझ्या पोटात फलाटावरचं ते वाक्य तसंच बसलेलं होतं. मी ते बाहेर काढलं नाही. त्या दिवाळीला नाही आणि पुढच्याही नाही. स्वतः एकदा खोटं बोललेलं माणूस सत्याच्या बाजूनं फार जोरात बोलतं, हे मला वाचून कळलेलं नाही.

तुझ्या उशिराचा मला फायदाच झाला, हेही कधी बोलले नाही. सांगलीच्या कॉलेजात लायब्ररीत जागा मिळाली तेव्हा घरात बैठक बसली. पोरीनं एकटीनं सांगलीला खोली घेऊन राहायचं म्हणजे काय, असा विषय होता. तू दारातून चहाचा ट्रे घेऊन आलीस आणि आबांना म्हणालीस, "आवं, सहा म्हैन्याचीच हाय. मग येत्यात की परत." त्यावर कुणाची हरकत राहिली नाही. सहा महिन्यांची ती नोकरी मी तेहेतीस वर्षं केली. मी तुला विचारलं होतं की सहा महिने कुठून आणलेस. तू म्हणालीस, तोंडाला आलं ते.

तर भुसावळ. मी तोंड कोरडंच पुसून आत आले. सई खिडकीशी मोबाइल घेऊन बसली होती. ओमचं चार्जिंग संपलं होतं, म्हणजे त्याच्या टॅबचं, पण त्याच्याकडे बघून फरक कळत नव्हता. तो बाकाच्या कडेवर टाच आपटत होता. समोरचे गृहस्थ पेपर खाली करून माझ्याकडे बघायला लागले होते. मला काही सुचेना. मग हातानंच काम सुरू केलं. मी झोपायला म्हणून एक जुनी सुती साडी घेतली होती, ती काढली आणि फाडायला लागले. काठ फाटेना. तिथं मात्र दात लावले.

आत काय घालायचं? माझी पिशवी म्हणजे तुझी ओसरी नाही. वेलदोडा घातला. सुपारीचं खांड. चष्म्याचा एक सुटा स्क्रू. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. लायब्ररीच्या कार्डाचा तुकडा, जो मी का जवळ ठेवलाय ते मलाच माहीत नाही. ओमला नियम सांगितले. त्यानं पहिली गाठ सात सेकंदांत सोडली. माझ्या गाठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधणाऱ्याच्या आहेत, दुसऱ्या दिवशी कुणीतरी सोडणार हे धरून घातलेल्या.

सईनं मोबाइल उलटा ठेवला. म्हणाली, "सांगलीआजी, असं नको. अजून घट्ट. माझ्याकडे दे." आम्ही दोघी मिळून बांधायला लागलो. बांधता बांधता तिनं विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. मी सांगायला लागले. जळगावला जम्मूची गाडी सुरू झाली. चाळीसगावला इंजिन भाकरी आणायला वळलं. मनमाडपर्यंत वारं शोधून झालं. मध्येच मी थांबले की ती लगेच विचारायची, मग आजी काय म्हणाली? आणि मग? आणि पप्पा खरंच रडले? ओम गाठीत जीभ बाहेर काढून बसलेला, अगदी बाळूसारखा. मला मनात बरं वाटत होतं की पोरीचं लक्ष गुंतलंय. तारेचा भाग मी गाळला.

दौंडला आता गाडी फिरत नाही, बाहेरच्या बाहेर पुण्याकडे वळते. ओमला मी सांगितलं की इंजिन हल्ली डबा विसरत नाही. पुण्यानंतर जेजुरी गेलं, नीरा गेलं. आदर्कीच्या बोगद्यात डब्यात अंधार झाला तेव्हा सईनं माझा हात धरला आणि बाहेर आल्यावर सोडला. मला वाटलं, घाबरली.

तुझं शेवटचं दर्शन मला झालं नाही. उन्हाळा आहे, थांबू नये, असं ठरलं आणि दुपारी चारलाच तुला नेलं. बैठक बसली होती म्हणे. जी बैठक चुकवून तू जम्मूला गेलीस, तिनं शेवटी तुला गाठलंच. मी गाडीत होते आणि बाळूनं मला तेव्हा कळवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, तू पोरांसमोर होतीस ना.

साताऱ्याला फलाटाबाहेर बाळू उभा होता. डोक्यावरचे केस काढलेले. ओम धावत गेला, थबकला आणि म्हणाला, "पप्पा, तुमचे केस?" बाळूनं माझ्याकडे बघितलं. मी बाळूकडे बघितलं. बारा तास सांभाळलेलं सगळं त्या गुळगुळीत डोक्यावर येऊन आपटलं. सई पुढं झाली, ओमचं बोट धरलं आणि म्हणाली, "चल, मी सांगते तुला." ती त्याला बाजूच्या बाकावर घेऊन गेली. काय सांगितलं ते माहीत नाही. ओमनं थोडा वेळ चपलेकडे बघितलं आणि तिच्या कुशीत डोकं घातलं.

गाडीत बसताना मी तिला विचारलं. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "भुसावळच्या आधीच कळलं होतं. कुठल्या तरी मामांनी स्टेटसला आजीचा फोटो ठेवला होता. दिवा लावून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू फोन घेऊन आत आलीस ना, तुझं तोंड बघितलं. वाटलं, आता तू रडणार. मग ओमला कोण बघणार? म्हणून तुला बोलतं ठेवलं."

म्हणजे भुसावळपासून साताऱ्यापर्यंत मी कुणाला रमवत नव्हते, वहिनी. मला रमवत आणलं होतं. साठी उलटलेल्या बाईला बारा वर्षांच्या पोरीनं, तुझ्याच पुरचुंड्यांनी. जेजुरीपाशी मी तिला माझ्या वाट्याचा लाडूही दिला होता, हुशारीनं ऐकतेय म्हणून.

ती असं म्हणाली त्या रात्रीपासून मला जम्मूचा फलाट वेगळाच दिसायला लागला. आणि परवा दहाव्याला जुने पोस्टमन आले. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी टेकत आले, भाषणं चालू असताना माझ्या शेजारी टेकले. मी त्यांना तारेचं विचारलं. त्यांना लख्ख आठवत होतं. मी म्हणाले, काका, तुम्ही वहिनीला पायाचंच सांगितलंत ना? ते म्हणाले, "न्हाई बा. सरकारी तार, आपुन कोन बदलनारं? जसंच्या तसं वाचलं. गंभीर म्हंजी काय, त्ये बी इचारलं त्यांनी. मी सांगितलं, जगतील न जगतील. मग म्हनल्या, पुन्हा एकदा वाचा. मी वाचलं. मग वैरनीचा भारा उचलला आन गेल्या."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. फलाटावर तू तारेची परीक्षा घेत नव्हतीस, माझी घेत होतीस. आत जायच्या आधी तुला बघायचं होतं, की गंभीर हा शब्द वाचून ही पोरगी तोंड सरळ ठेवू शकते का. पोरांजवळ तिला सोडता येईल का. मी खोटं बोलले आणि तू "बरं" म्हणालीस. आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा दिल्या, बऱ्यापैकी मार्कांनी. खोटं बोलून पास झाले ती ही एकच, आणि निकाल चाळीस वर्षांनी हातात पडला.

आणि तू एकदाही बोलली नाहीस. चाळीस दिवाळ्या मी तुला सत्य शिकवत होते आणि तुझ्या हातात असं हत्यार होतं की एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. "वन्सं, जम्मूला काय वाचलं व्हतं तुमी?" एवढंच. तू ते कधी काढलं नाहीस. करंज्या तळत राहिलीस. मी जिंकतेय असं मला वाटू दिलंस. इतका वेळ कुणी मला रमवलेलं नाही.

तुझी ट्रंक अजून उघडलेली नाही. ती तार आत असेल तर कशात बांधलेली असेल, ते मला माहीत आहे. तिला हात लावायचा की नाही, ते ठरत नाही. सूनबाई म्हणते, तुम्हीच उघडा, तुमचा मान. बाळूला त्या प्रवासातलं काय आठवतं म्हणून विचारलं, तर तार नाही, दवाखाना नाही, बापाचा पाय नाही. त्याला एवढंच आठवतं, की भोपाळला वारं पळालं होतं आणि ते जवानाच्या बुटात नव्हतं.

वाद मी हरले असं अजूनही म्हणत नाही. पोरांना सांगावं, असंच मला वाटतं. फक्त कुणी कुणाला सांगायचं, हे मी गृहीत धरलं होतं तसं नाही. तू असतीस तर हे तुला आवडलं नसतं. म्हणाली असतीस, "किती बोलता वो वन्सं. च्या गार झाला."

तुझा फ्लेक्स दहाव्यालाच पडला. पाहुण्यांचं भाषण चालू असताना, सातही जणांसकट, पालथा. सुतळी कुठं तुटली म्हणून कार्यकर्त्यांनी पाहिलं, पण ती तुटलेली नव्हती. खालच्या दोन आणि खांबाची एक, अशा तीन गाठी सोडलेल्या होत्या, आणि सुतळी नीट गुंडाळून ओमच्या खिशात होती. मी ती तपासली. दाताच्या खुणा नव्हत्या.